अमावस्येचे गट

बाई, तुमच्या वरच्या वाड्यांवर आता आपले बचत गट नाहीत. सातही बंद झाले, त्यालाही चार वर्षं होऊन गेली. ही गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण बाकी जे लिहिणार आहे ते सगळं तिच्याभोवतीच फिरतं, आणि मी नेहमीसारखा तब्येतपाणी, पाऊसपाणी असं लिहीत बसलो तर मुद्द्यावर यायचोच नाही. गट बुडाले नाहीत. कुणी पैसे खाल्ले नाहीत, बायका एकमेकींशी भांडल्या नाहीत. आपल्या संस्थेनेच ते बंद केले, तीन वर्षांच्या आराखड्यात तसं रीतसर ठरवून. आणि आराखडा ज्या माहितीवर उभा होता ती सगळी मी भरलेली होती. त्यात एकही चूक नव्हती. मी तीनदा तपासली होती. तुम्ही असतात तर तुम्हालाही सापडली नसती, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. आता तसं वाटत नाही. तुम्ही वही उघडली असतीत आणि पहिल्याच पानावर विचारलं असतंत, "अरे, माझी अमावस्या कुठे गेली?"

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मोजताना माझा दर वेळी घोळ होतो. तुम्ही रमजानमध्ये गेलात. तुमचा मुलगा तुमचा दिवस तुमच्या महिन्याप्रमाणे धरतो आणि मी इंग्रजी तारखेप्रमाणे, त्यामुळे आम्हा दोघांत दर वर्षी दहा-अकरा दिवसांचं अंतर वाढत चाललं आहे. पहिल्या वर्षी मी भोरच्या कबरस्तानाच्या फाटकाशी गेलो तर तो दहा दिवसांपूर्वीच येऊन पुण्याला परत गेला होता. मी दर वर्षी कडाक्याच्या थंडीतच जातो आणि आता त्याचा दिवस गणपतीच्या सुमारास होऊन गेलेला असतो. तिथे काय करायचं असतं ते मला अजून कळत नाही. तुम्ही मला रजिस्टर कसं लिहायचं ते शिकवलंत, हे नाही शिकवलंत. मी चपला काढून फाटकाशी थोडा वेळ उभा राहतो, आणि कुणी विचारलं तर आमच्या शाळेच्या बाई म्हणून सांगतो. खरं तर मी तुमच्या शाळेत कधीच नव्हतो. तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन गटांच्या कामात पडल्यावर मी तुम्हाला भेटलो.

वेल्ह्याच्या कचेरीबाहेर मी लोकांचे अर्ज लिहून देत बसायचो तेव्हाची गोष्ट. नववीत दोनदा नापास झालो, मार्गासनीला घरी बसलो, आणि अक्षर बरं म्हणून हा उद्योग सुरू केला. तुम्ही कुणाचा तरी दाखला काढायला आला होतात. माझ्यासमोर उभ्या राहिलात, बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "काय रे, नाकाने लिहितोस का?" शेजारचा चहावाला हसला. मला राग आला होता. तुम्ही मात्र समोरच्या भिंतीवरचा फलक वाचायला सांगितलात. मी म्हणालो, तिथे फलक आहे हे मला माहीत नाही. पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला एसटीने पुण्याला नेलंत, डोळे तपासून घेतलेत आणि काळ्या काड्यांचा चष्मा करून दिलात. परत येताना मी खिडकीतून बाहेर बघत होतो. तुम्हाला वाटलं मी खूश आहे. मी खूश नव्हतो बाई, मला रडू येत होतं. इतकी वर्षं मास्तर फळ्यावर काहीतरी लिहीत होते आणि ते बाकी सगळ्या मुलांना दिसत होतं, हे मला त्या एसटीत कळलं. मी समजत होतो की मीच ढ आहे. तुम्ही माझ्याकडे न बघता पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्या हातात दिलीत.

मग मी तुमच्याकडे आलो. संस्थेचं कार्यालय म्हणजे तेव्हा तुमचं स्वयंपाकघर. ओट्याखाली पत्र्याच्या दोन ट्रंका, एकीत गटांची रजिस्टरं, दुसरीत तांदूळ. मी पाटावर बसून लिहायचो, तुम्ही पोळ्या लाटता लाटता सांगायचात. अजूनही नवं रजिस्टर उघडलं की मला तव्याचा वास येतो, आणि मग जाणवतं की हा आताच्या कार्यालयातला वास नाही, इथे फक्त फरशी पुसायच्या औषधाचा वास आहे. त्या स्वयंपाकघरात तुम्ही माझ्यावर फक्त एकदा ओरडलात. म्हणजे ओरडण्याचं कारण घडलं एका सभेत, पण तुम्ही घरी येईपर्यंत राग धरून ठेवलात, चारचौघांत बोलला नाहीत. त्या दिवशी एका बाईने आयुष्यात पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली होती. सही रकान्याबाहेर गेली, खालच्या ओळीवर उतरली. मी तिला म्हणालो, "मावशी, रेघेच्या आत. परत करा." तिने परत केली नाही. पेन खाली ठेवून अंगठा पुढे केला. तुम्ही घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता म्हणालात, "ती पन्नास वर्षांची बाई पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिते, आणि तू तिला रेघ दाखवतोस? कागद कुणासाठी आहे रे? तिच्यासाठी की तुझ्यासाठी?" मी म्हणालो, "पण बाई, ऑडिटला..." तुम्ही म्हणालात, "ऑडिटला मी बघते. तू माणसाकडे बघ." मग ताट वाढलंत. मी जेवलो नाही. तुम्हीही जेवला नाहीत, हे मला ताटं उचलताना दिसलं.

वरच्या वाड्यांचं काम तुम्ही माझ्या आधीच सुरू केलं होतं. वेल्ह्यापर्यंत एसटी, तिथून कधी दुधाचा टेम्पो, आणि मग दोन तासांची चढण. तुम्ही साडीवर कापडी बूट घालायचात आणि छत्री काठीसारखी टेकत चढायचात. मी तुमच्यापेक्षा पस्तीस-चाळीस वर्षांनी लहान, पण दम मलाच लागायचा. खालच्या गावांतल्या गटांची सभा महिन्याच्या दहा तारखेच्या आत व्हायची, तसा संस्थेचा नियम होता. वर मात्र तो नियम चालला नाही. ते कसं घडलं हे तुम्ही मला त्या चढणीवर इतक्या वेळा सांगितलंत की मी तिथे नव्हतो हे मी विसरून जातो. तुम्ही दहा तारीख ठरवून गेलात, वाडीत कुणी नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलात, पुन्हा कुणी नाही. बायका जनावरांमागे रानात. तिसऱ्यांदा एक मावशी भेटल्या, ज्या पुढे गटाच्या अध्यक्षीण झाल्या, आणि तुम्ही त्यांना जाब विचारलात.

"अवं बाई, दहा तारीख म्हंजी कवा?" मावशी म्हणाल्या.

"कॅलेंडरात बघायचं."

"आमच्यात कुनाकडं हाय कॅलेंडर? आन तारीख काय डोळ्याला दिसती व्हय? चंद्र दिसतो. आवस आली की सगळ्यांला कळतं. त्या दिशी कुनी औत धरत न्हाई, जनावर इकायला खाली नेत न्हाई. बायामानसं घरी घावतील. तुमी आवसंला या."

तुम्ही तिथल्या तिथे मान्य केलंत. मग मावशींनी विचारलं, "तुमच्यात आवस असती का वो?" तुम्ही म्हणालात, "असते की. तुमचा महिना चंद्र गेला की संपतो, आमचा तो दिसला की सुरू होतो. मधे एक-दोन दिवसांचा फरक." मावशी म्हणाल्या, "मंग आमी घालवायचा आन तुमी आणायचा. बरंय, एकमेकींचं काम चाललंय." हे सांगताना तुम्ही दर वेळी चढणीवर थांबून हसायचात, छातीवर हात ठेवून. मी म्हणायचो, बाई, दम खा. तुम्ही म्हणायचात, दम नाही लागला रे, हसू आलं.

मी गेलो तेव्हा ते सगळं रुळलं होतं. अमावस्येच्या आदल्या दिवशी आपण एका वाडीवर मुक्कामाला जायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाडी, दुपारी पलीकडची, आणि जवळच्या वाड्यांच्या बायका वही घेऊन आपणच मधल्या पठारावर यायच्या. सातही गट एका दिवसात उरकायचे. मी अजूनही त्या पठारावर बसलेला असतो. तुम्ही मधे, पाय पसरून, बूट काढलेले. बायका भोवती. कुणीतरी तांदळाची भाकरी आणि खर्डा आणलाय, कुणीतरी कासांडीत ताक. म्हशीसाठी कर्ज कुणाला आधी द्यायचं यावर वाद चाललाय, आणि तुम्ही त्यात एक अक्षर बोलत नाही, नुसत्या भाकरी खाताय. शेवटी बायकाच ठरवतात. पूर्वी म्हशीसाठी पैसे खव्याच्या व्यापाऱ्याकडून उचलावे लागायचे आणि मग खवा त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने घालावा लागायचा. गट झाल्यावर ते सुटलं. "आता खवा इकायला आमी चार दारं हिंडतो," मावशी एकदा मला म्हणाल्या होत्या, "लई पाय दुकत्यात, पर हिंडतो." त्या वाड्यांना गटाचं काय होतं ते एवढंच होतं, आणि एवढं पुष्कळ होतं. तुम्ही रजिस्टरात वर मोठ्या अक्षरात लिहायचात, "मार्गशीर्ष अमावस्या", "पौष अमावस्या". तारीख कधीच नाही. तुमचा ष मला आवडायचा. मी तसा काढायचा प्रयत्न करायचो.

तुम्ही गेल्यानंतर दोन वर्षं मी एकटा वर जात होतो. तुम्हाला साखर होती हे तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतंत. पायाची जखम चिघळली, पुण्याला नेलं, आणि आठ दिवसांत सगळं संपलं. पहिल्या अमावस्येला मी वर गेलो तेव्हा बायकांनी सभा घेतलीच नाही. त्या नुसत्या बसल्या. मी रजिस्टर उघडून बसलो होतो. मावशी म्हणाल्या, "मीट त्ये." मी मिटलं. त्या महिन्याचं पान अजून कोरं आहे.

मग कार्यालय बाजारपेठेत गेलं, वर माडीवर. नवे साहेब आले, जीप आली, आणि एक दिवस दोन खोक्यांतून संगणक आला. मुंबईची एक मोठी संस्था आपल्याला पैसे देणार होती, पण त्यांना सगळ्या गटांची माहिती संगणकात हवी होती, मागच्या सहा वर्षांची. साहेबांनी विचारलं, कोण करेल? अक्षर चांगलं म्हणून सगळ्यांनी माझं नाव सुचवलं. संगणकात अक्षराचा काही संबंध नसतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुण्याचा एक मुलगा तीन दिवस येऊन शिकवून गेला. पडद्यावर प्रत्येक गटाचं एक पान होतं. सभेची तारीख दहाच्या आत असली की पट्टी हिरवी, दहाच्या पुढे गेली की लाल. तुमची वरची रजिस्टरं उघडून मी त्या मुलाला दाखवली. तो म्हणाला, "तिथी नाही चालणार. इथे फक्त तारीख टाकायची."

बाई, पुढचं मी अभिमानाने केलं. ते तुम्हाला कळायला हवं. भोरच्या पेठेत एका किराणावाल्याकडे जुनी कॅलेंडरं एकाच खिळ्याला एकावर एक टांगलेली होती. ती मी मागून आणली. एकेक अमावस्या शोधायची, तिची तारीख काढायची, दुसऱ्या कॅलेंडरावर पडताळायची आणि मग संगणकात टाकायची. अधिक महिना आला की जास्तच जपायचं. पाचशेच्या आसपास नोंदी होत्या. अडीच महिने लागले. साहेब येता-जाता म्हणायचे, "काय पंचांगकर्ते, लग्नाचा मुहूर्त काढताय का?" मी हसायचो. एकदा मात्र अडलो. एकाच महिन्यात दोन अमावस्या आल्या, एक तारखेला आणि तीस तारखेला. संगणक दुसरी सभा घेईना. मी खाली एसटीडी बूथवर जाऊन त्या मुलाला फोन लावला.

"एका महिन्यात दोन सभा कशा झाल्या?" तो म्हणाला.

"झाल्या. अमावस्या दोन होत्या."

"काय होत्या?"

"अमावस्या."

तिकडे तो दुसऱ्या कुणाला तरी हसत काहीतरी म्हणाला. मग मला म्हणाला, "दादा, दुसरी पुढच्या महिन्याच्या एक तारखेला टाका. कोण बघतंय?"

मी टाकली. त्या सहा वर्षांत असं दोनदा झालं, तेवढ्या चौदा नोंदी एका-दोन दिवसांनी खोट्या आहेत, आणि त्या मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवल्या आहेत. बाकी सगळ्या खऱ्या. "शेरा" नावाचा एक रकाना होता. त्यात अमावस्या असं लिहिता आलं असतं, जागा होती. पण फोनवरचं ते हसणं माझ्या कानात होतं. शिवाय मोकळा रकाना नीटनेटका दिसतो. काम संपल्यावर तुमची रजिस्टरं मी कापडात बांधून माळ्यावर ठेवली. संगणकात तुमच्या वाड्या आल्या, बायकांची नावं आली, तारखा आल्या. आणि त्या तारखा तशा का होत्या हे कळेल असा एकही शब्द आला नाही. तो मी इतका स्वच्छ पुसला होता की मागे खूणसुद्धा राहिली नाही.

त्याच उन्हाळ्यात पानशेतला धरणाजवळच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर झालं. संस्थेचा तीन वर्षांचा आराखडा तिथे करायचा होता. मुंबईहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांच्याबद्दल वाईट लिहावं असं मला काही सापडत नाही. त्या सगळ्यांना अहो-जाहो करायच्या, चहा आणणाऱ्यालासुद्धा. भिंतीवर मोठे कागद लावले होते आणि त्यांवर रंगीत कार्डं चिकटवायची होती, आपली बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. अक्षर चांगलं म्हणून मार्कर माझ्या हातात. लोक सांगतील ते मी लिहायचो. एकाने सांगितलेलं वाक्य अशुद्ध असलं तर लिहिताना गुपचूप शुद्ध करायचो. दुसऱ्या दिवशी मॅडमनी पडद्यावर माझी पानं लावली. खालची गावं हिरवी. तुमच्या वाड्या लाल.

साहेब म्हणाले, "वरच्या लोकांना कसली तारीख न् कसलं काय. तो भाग पहिल्यापासून तसाच आहे. बाईंच्या हट्टापायी ठेवला होता." दोघे-तिघे हसले.

"नाही, थांबा," मॅडम म्हणाल्या. त्या पडद्याजवळ गेल्या. "हे बघा. हे सात गट काही महिने सलग वेळेवर आहेत. दहा तारीख, नऊ तारीख, आठ. मग एकदम उशिरा. आणि सातही एकाच दिवशी. सात वेगळ्या वाड्या एकाच दिवशी कशा बिघडतील? याला काहीतरी कारण असणार. कोणाला माहीत आहे?"

त्या खरोखर थांबल्या. मी त्यांना ते श्रेय देतो. वर पंखा फिरत होता आणि कार्डांची टोकं हलत होती. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुम्ही वर जात होतात ना?"

शब्द माझ्या जिभेवर होता. एकच शब्द. पण तो तिथे, त्या सगळ्यांपुढे म्हणायचा म्हणजे पुन्हा तेच हसणं, आणि नंतर साहेबांचं पंचांगकर्ते. त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी विचारलं असतं, मग तुम्ही हे लिहिलं का नाही? आणि मला कायम करायचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होतं, तीन महिने झाले होते. हे सगळं मी त्या क्षणात मोजलं नाही, नंतर मोजलं. त्या क्षणी मी फक्त म्हणालो, "पावसाळ्यात वाट बंद होते, मॅडम."

त्यांनी मान हलवली. वाट बंद होते हे खरंच होतं. फक्त त्यांनी जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं. संध्याकाळी साहेबांनी एक वाक्य सांगितलं आणि मी ते पिवळ्या कार्डावर लिहिलं, "वरच्या वाड्यांतून टप्प्याटप्प्याने बाहेर पडणे." टप्प्याटप्प्याने हा शब्द एका ओळीत बसत नव्हता. मी कार्ड बदलून घेतलं आणि पुन्हा लिहिलं, लहान अक्षरात, नीट बसवून.

टप्पे वगैरे काही झाले नाहीत. दिवाळीनंतर एका मंगळवारी रोखपाल आणि मी जीप घेऊन गेलो. तोवर अर्ध्या वाटेपर्यंत कच्चा रस्ता झाला होता. पुढे चाललो. मंगळवार असल्यामुळे बायका रानात होत्या, पोरांना पाठवून बोलवाव्या लागल्या. जमल्या त्या निम्म्या. आम्ही प्रत्येकीची बचत व्याजासकट परत दिली, उरलेल्यांची मावशींच्या हाती, सह्या-अंगठे घेऊन. काही कमी-जास्त झालं नाही. मावशी आता थकल्या होत्या. ओट्यावर बसून सगळं बघत होत्या.

"मंग आता म्हशीला पैसं कुनाकडं मागायचं?" त्यांनी विचारलं. "खवेवाल्याकडंच?"

रोखपाल म्हणाला, "खालच्या गावच्या गटात नाव घाला की आजी."

"दोन तास उतरायचं, दोन तास चढायचं. दूध कुनी काढायचं मागं? तू येतोस?" बायका हसल्या. तोही हसला. मावशी हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. "ह्ये कुनी ठरवलं रं?"

इथपर्यंत लिहायला मला तीन रविवार लागले, बाई. पुढच्या दोन ओळींसाठी चौथा.

मी म्हणालो, "बाईंनीच ठरवून ठेवलं होतं. वरचे गट तयार झाले की त्यांना मोकळं करायचं, असं त्या म्हणाल्या होत्या."

मावशींनी पदराने ओटा पुसला, पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. मग म्हणाल्या, "बाई म्हनल्या आसतील तर इचार करूनच म्हनल्या आसतील." आणि अंगठ्यासाठी हात पुढे केला. त्यानंतर कुणीही वाद घातला नाही. निघताना आम्हाला ताक दिलं.

मी दोन महिन्यांनी कायम झालो. आता संगणक विभागाचा प्रमुख आहे, हाताखाली दोन मुली आहेत, दोघी पदवीधर. गटाच्या सभेतच मोबाईलवरून नोंद करायची अशी नवी योजना येते आहे आणि पुन्हा एकदा आराखडा होणार आहे. माळ्यावरची तुमची रजिस्टरं मी काढून घरी आणली आहेत. या वेळी ती घेऊन जाईन आणि त्या सात वाड्यांचं नाव काढीन, असं मी ठरवलं आहे. बोलू शकेन की नाही माहीत नाही. नाव निघालं आणि गट पुन्हा सुरू झाले, तरी मावशींना वर जाऊन खरं सांगायचं राहतंच. त्या असल्या तर. ते मला आराखड्यात लिहिता येणार नाही.

तुम्ही माझ्यावर ओरडायला हव्या होतात. कधी कधी मला दुसरं काही नको वाटतं, फक्त ते स्वयंपाकघर, तुम्ही बाहेरून येऊन पाणी न पिता उभ्या, आणि मी पाटावर मान खाली घालून. ताट वाढलं नाहीत तरी चालेल.

हे कागद मी कबरस्तानात वगैरे नेणार नाही. कपाटात ठेवीन. तुम्हाला कळवायचं होतं ते वर लिहिलं आहे, फक्त एक राहिलं, आणि ते अगदी लहान आहे. मला गाडीत कधी झोप लागत नाही हे तुम्हाला माहीत होतं, पुण्याच्या एसटीतसुद्धा तुम्ही पेंगायचात आणि मी पिशव्या धरून टक्क जागा असायचो. त्या मंगळवारी, मावशींनी तुमचं नाव ऐकून मान्य केल्यावर, मी जीपमध्ये बसलो आणि मला झोप लागली. भोर आल्यावर रोखपालाने हलवून उठवलं. इतका गाढ झोपलो होतो.